राणीच्या राज्यातली म्हैस

माझी नात पुण्यात इंग्रजी साहित्य शिकते. मागच्या दिवाळीत आली ती एक जाडजूड पुस्तक घेऊन, आणि मला समजावायला बसली की आजी, हल्ली लोक व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नव्या कादंबऱ्या लिहितात. काळ जुना, लिहिणारे आजचे. तेव्हाच्या पुस्तकांनी जे दाराआड ठेवलं ते इथं उघड्यावर येतं. उमरावाची लेक धोबिणीवर जीव लावते, मोलकरीण मालकिणीचा झगा घालून मिरवते, एखादी बाई पुरुषाचा कोट चढवून शहरभर हिंडते. त्याला नवव्हिक्टोरियन कादंबरी म्हणतात आणि तिला त्यावरच प्रबंध लिहायचाय. मी शेंगदाण्याची चटणी कुटत होते. म्हटलं, "अगं बये, हे आम्ही दुष्काळात खडी फोडता फोडता केलंय. तुझ्या त्या लेखिकेला कळव, तुम्हाला उशीर झाला म्हणावं." ती हसली. म्हातारी थापा मारतेय असं तिला वाटलं. थापा मी मारतेच, जन्मभर मारल्या, आणि हे प्रकरण एका मोठ्या थापेचंच आहे. पण ती मारली होती हे मात्र खरं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. उस्मानाबादला कॉलेजात घालायचं वडिलांनी ठरवलं होतं. धाराशिव हे नाव तेव्हा जुन्या माणसांच्याच तोंडी होतं, आता परत सगळ्यांच्या तोंडी आलंय. कॉलेज राहिलं बाजूला आणि मी हातात हातोडी घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसले. आमचं गाव तेरपासून दोन कोसांवर. त्या साली नदीत वाळू आणि विहिरीत कबुतरं. घरात वडील, आई, मी, आणि आईची धाकटी बहीण शेवंतामावशी. मावशीला नवऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आणून सोडलं होतं. कारण काय, तर ही हसते फार. आमच्या भिंतीला लागून तिची एक खोली होती, आत बुद्धाची तसबीर, एक पेटी आणि कोपऱ्यात दोन मडकी, त्यातलं एक कायम पालथं. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी तव्यावर बरी दिसायची आणि ताटात येईपर्यंत चपलेच्या तळासारखी व्हायची. कामावर दुपारी सुकडी वाटायचे, गोडसर भरड पीठ. ती तोंडात असताना हसायचं नसतं, समोरच्याच्या अंगावर उडते, आणि मावशी नेमकी तेव्हाच काहीतरी बोलायची. आईनं तिला कितीदा बजावलं, "शेवंते, जेवताना तरी गप बस," पण मावशीला गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं.

आणि आवाज. तो आवाज अजून माझ्या कानातून गेला नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत शंभरेक हातोड्या सुरू व्हायच्या, ठक ठक ठक, कुणाची कुणाशी लय जुळायची नाही. बोटं फुटू नयेत म्हणून आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बोटांत घालायचो. बायका गल्लीवार बसायच्या. पाटलाच्या गल्लीतल्या बाभळीखाली, वाण्या-लिंगायतांच्या त्यांच्याजवळ, आणि आम्ही बौद्धवाड्यातल्या उताराला, उन्हात. दुष्काळानं सगळ्यांना एकाच दगडावर आणून बसवलं होतं, पण पाण्याचे माठ तेवढे दोन होते. कुणी काही सांगायला लागायचं नाही. ज्याचा त्याला ठाऊक होता.

गोष्ट सुरू झाली ती एका फाटक्या पुस्तकापायी. वडिलांनी तेरच्या बाजारातून गूळ आणला, तो ज्या रद्दीत बांधून आला त्यात एक कादंबरी निघाली. इंग्रजीवरून मराठीत आणलेली, जुन्या वळणाची. पुठ्ठा नव्हता, सुरुवात सतराव्या पानावर, आणि शेवटच्या पानाच्या तळाला एवढंच वाक्य: "मार्गारेटने दार उघडले आणि". पुढं गूळ. मी ती तीनदा वाचली आणि कामावर मावशीला सांगायला लागले. लंडन गाव, राणीचं राज्य, लॉर्डसाहेबाची लेक मार्गारेट, तिला मागणी घालणारा एक साहेब, आणि वाड्यावर कपडे धुणारी नेली. आमच्या बायकांनी ऐकलं. मग वाण्याच्या बायका म्हणाल्या, जरा मोठ्यानं सांग की गं. त्यांच्यात निलव्वा नावाची म्हातारी होती, उमरग्याकडून लग्न होऊन आलेली, बोलण्यात निम्मं कानडी, आणि गळ्यात लिंगाच्या खाली राणीछाप रुपया. तो रुपया तिनं पदरानं पुसून सगळ्यांना दाखवला. "यव्वा, ही बघा राणी. हिच्याच गावची गोष्ट सांगायलीय पोरगी." झालं. आता गोष्ट खरीच ठरली, पुरावा म्हातारीच्या गळ्यात होता.

एकाच गोष्टीवर बायकांचा विश्वास बसेना. मी सांगितलं की लंडनात रोज पाऊस पडतो. "लबाड बोलू नको," निलव्वा म्हणाली, "रोज कुठं पडत असतोय व्हय?" बाकी सगळं त्यांनी गोड मानून घेतलं. साहेब मात्र कुणालाच आवडला नाही. फुलं घेऊन यायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि परत जायचा. "लईच मिळमिळीत हाय गं त्यो," पाटलाच्या गल्लीतून आवाज आला, "काढून टाक त्येला." वाचकांची मागणी! मी दुसऱ्या दिवशी साहेबाला घोड्यावरून पाडला आणि मारून टाकला. बायकांनी दोन मिनिटं हळहळ केली आणि विचारलं, मग आता पुढं? आता पुढं पुस्तकात काहीच नव्हतं, मी पुस्तक सोडून भर रस्त्यात आले होते. म्हणून मी समोर बघितलं आणि जे दिसलं ते सांगायला लागले.

समोर मावशी आणि काशी होत्या. काशी म्हणजे आमच्या मुकादमाची, पाटलाच्या गल्लीतल्या दत्तूअण्णांची, धाकटी बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडं आलेली, मोजकं बोलणारी, नाकीडोळी नीटस. काम जोडीनं चालायचं: एकीनं धोंडे ओढून आणायचे, दुसरीनं फोडायचे, ढीग दोघींचा. पहिल्याच आठवड्यात काशीची जोडीदारीण आजारी पडली आणि अण्णांनीच घाईत तिला मावशीबरोबर बसवलं. दोन दिवसांसाठी म्हणून. ते दोन दिवस संपलेच नाहीत. मावशी काशीच्या बोटांना चिंध्या बांधायची, आणि गाठ मारून झाली तरी हात सोडायला विसरायची. काशी मावशीच्या केसांतली दगडाची भुकटी फुंकायची. मावशी हसली की काशीचा हातोडा चुकायचा. मी सतरा-अठरा वर्षांची, पण आंधळी नव्हते. मी मार्गारेटला सकाळी धोबीघाटावर नेलं आणि तिच्याकडून नेलीच्या साबणानं फाटलेल्या बोटांना चिंधी बांधून घेतली. मग म्हणाले, तिनं नेलीच्या हाताचा मुका घेतला, मडमांच्यात तशी रीतच असते. सगळीकडं पदर तोंडाला गेले. बाभळीखालून कुणीतरी म्हणालं, "हाताचाच का गं?" त्या दिवशी सुकडी केवढी सांडली!

तिथून मार्गुबाई (बायकांनी नाव असं करून घेतलं होतं) सुसाट सुटली. तिनं बापाचा कोट घातला, टोप घातला, नेलीला घेऊन लंडनाच्या दुसऱ्या टोकाला खोली केली, आणि शेजारपाजार त्यांना नवरा-बायको समजून राम राम घालू लागला. तिनं नेलीच्या फुटक्या कपातून चहा प्याला. त्या कपावर मात्र बाचाबाची झाली. बाई बाईबरोबर राहते ते चाललं, बाई कोट घालते ते चाललं, पण लॉर्डाची लेक धोबिणीचा उष्टा कप तोंडाला लावते? "बाटली की गं ती," एक जण म्हणाली. तेव्हा काशी उठली. बाभळीखालच्या माठाकडं न जाता आमच्या माठाशी गेली, त्यात मावशीचा जर्मनचा मग बुडवला आणि उभ्यानं घटाघट प्याली. हातोड्या थांबल्या. "ऊन लई हाय," काशी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. निलव्वानं रुपया पुसला. "राणीच्या राज्यात चालतंय तर हितं काय आभाळ कोसळतंय?" असं म्हणून ती पुढचं सांग, पुढचं सांग करायला लागली. नातीला मी हे नेहमी सांगते: सगळ्या गावाची नजर त्या मगावर होती, म्हणून बाकीचं कुणाला दिसलंच नाही.

पकडले गेलो आम्ही पटक्यापायी. एक दिवस अण्णा पटका बाभळीला अडकवून सडकेच्या कामाकडं गेले होते. सुकडीची वेळ. मावशीनं तो पटका उचलला, डोक्याला गुंडाळला, मिशीच्या जागी काळी माती ओढली आणि छाती काढून चालायला लागली. "नेलीबाय, च्या टाका, म्या कचेरीतनं आलोय!" काशी लाजली, आणि खरंच नवरा आल्यासारखा पदर सारखा करून उठली. हसून हसून बायका आडव्या. आणि मागून अण्णा. त्यांचा पटका, बौद्धवाड्यातल्या बाईच्या डोक्यावर, आणि समोर त्यांची सख्खी बहीण चहाचा कप धरल्यासारखी उभी. अण्णांनी पटका काढून घेतला, दोनदा झटकला, आणि आधी माझ्याकडंच वळले. "सुशे, ही तुझी मडम बायका बिघडवायलीय. उद्यापासून गोष्ट बंद." वडील पलीकडं पहारीनं धोंडे उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पहार थांबली ते मला दिसलं. त्यांचं काम अण्णांच्या हातात होतं, आमच्या घरात त्यावरच चूल पेटत होती.

गोष्ट बंद झाली आणि खडीचा ढीग बसला. आधी गोष्टीच्या नादात हात चालायचे, आता दर घटकेला कुणाची कंबर दुखायची, कुणाच्या डोळ्यांत कचरा जायचा. चौथ्या दिवशी वरचा साहेब अण्णांना झापून गेला. पाचव्या दिवशी अण्णा माझ्याजवळ आले, उगाच एक खडा उचलून बघितला आणि म्हणाले, "सांग तुझी गोष्ट. पर शनवारपत्तुर त्या बाईला तिच्या बापाकडं परत धाडायची. म्या सोता ऐकणार हाय." म्हणजे माझ्या पहिल्याच कादंबरीला संपादक लाभला. तेवढ्यावर हसता आलं असतं. पण त्याच दुपारी काशी माझ्याशेजारी धोंडा टाकायला आली आणि हळूच बोलली. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचा एक बिजवर होता, चार पोरांचा बाप. सोमवारी तो न्यायला येणार होता, अण्णांनी पाट लावून द्यायचा शब्द दिला होता. "सुशे, मार्गुबाईला परत धाडू नको," ती म्हणाली. "ती गेली तर म्या बी जाईन. माझ्यानं एकटीनं न्हाय व्हायचं." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. थाप मारणं सोपं असतं, पण त्या थापेवर कुणी पाय देऊन उभं राहिलं की मग ती मागं घेता येत नाही.

शनिवारी अण्णा खरोखर येऊन बसले, बाभळीच्या बुंध्याला टेकून, पटका घट्ट बांधून. गल्ल्या पार विस्कटल्या होत्या, ऐकायला म्हणून सगळ्या बायका मधल्या ढिगाभोवती गोळा. मी सांगितलं की लॉर्डसाहेबाला पत्ता लागला. घोड्यांची बग्गी आली. त्यानं काठीनं दार ठोकलं. मार्गुबाईनं दार उघडलं आणि...

"आन्?" अण्णा पुढं सरकले.

मी वडिलांकडं बघितलं. ते पहारीला टेकून उभे होते. मग मी, सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी मी, मान खाली घालून भराभरा बोलले, "आणि ती बापाबरोबर घरी गेली. संपली गोष्ट." आज इतकी वर्षं झाली, अजून ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. मावशीसुद्धा गप्प. तेव्हा काशीनं हातोडी खाली आपटली.

"न्हाय गेली," ती म्हणाली. "सुशी भिऊन सांगायलीय. म्या सांगते. तिनं दार उघडलं. बाप म्हणला, चल. ती म्हणली, बाबा, म्या आता हितंच ऱ्हाणार. आमी दोघींनी म्हस घेतलीय. धार काढायची ऱ्हायलीय. तुमी बसा, च्या घ्या आन् मग जावा."

अण्णांच्या तोंडून शब्द फुटला तो असा: "लंडनात म्हस?"

"का? तिकडची माणसं दूध पीत न्हायती व्हय?"

"कंची म्हस?"

"पंढरपुरी."

"येड लागलंय का?" अण्णा उठून उभे राहिले. तीन पिढ्या गोठ्यात गेलेला माणूस, त्यांना ते सोसवेना. "घ्यायचीच तर मुऱ्हा घ्यावी. पंढरपुरीची शिंगं ही एवढी लांब, लंडनातल्या दारातनं आत तरी जाईल का ती?"

"दार मोठं करून घेतलं," काशी म्हणाली. मग त्याच आवाजात, श्वाससुद्धा न घेता, "आन् अण्णा, म्या वाशीला जात न्हाय. म्या शेवंताच्या हितं ऱ्हाणार."

तेव्हा अण्णांना कळलं की आपण इतका वेळ कशाबद्दल भांडत होतो. चेहरा तांबडालाल. "त्या वस्तीत? मग तू आमाला मेलीस! आत्ता घरी जातो आन् तुझ्या नावानं आंघोळ करतो!"

आमच्याकडं हा शब्द शेवटचा. माणूस जिवंत असताना त्याच्या नावानं आंघोळ केली की नातं संपलं, पुढं पाणीसुद्धा मागायचं नाही. मावशी उठून काशीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, हात धरला, सगळ्यांच्या देखत. आणि निलव्वानं शांतपणे विचारलं, "कशानं?"

"काय कशानं?"

"आंघोळ कशानं करतूस, दत्तू? टँकर येऊन चार दिस झालं. तुज्या घरात प्यायला घागर न्हाय."

पहिली हसली ती मावशी. तिला आवरलंच नाही, डोळ्यांतून पाणी काढत हसली. मग वाण्याच्या बायका, मग पाटलाच्या गल्लीतल्या, मग आमच्या. मग माझे वडील, जे कधी हसत नसत, पहारीला धरून हलायला लागले. अण्णा मध्ये उभे. "पाऊस पडल्यावर करीन!" ते ओरडले.

"हां," निलव्वा म्हणाली, "मंजी तवर जिती हाय म्हन की."

झाला निकाल. गावात तो कायद्यासारखा चालला. काशी त्या संध्याकाळी आपलं एक गाठोडं घेऊन मावशीच्या खोलीत आली आणि पालथं मडकं सुलटं झालं. सोमवारी वाशीचा बिजवर नव्या टोपीत एसटीनं आला. सडकेवर उभा राहून तो काशीला काहीतरी सांगू लागला, पण शंभर हातोड्या अशा काही चालू झाल्या की त्याचा त्यालाच आवाज ऐकू येईना. दुपारच्या गाडीनं तो परत गेला. अण्णांनी वडिलांचं काम काढलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. पुढच्या साली पाऊस झाला, पेरण्या झाल्या, अण्णा रोज आंघोळ करू लागले, पण कुणाच्या नावानं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

फुकट काही झालं नाही. पहिल्या भाऊबीजेला काशी ओवाळायचं ताट घेऊन दिवसभर उंबऱ्यात बसली, अण्णा आले नाहीत. ती रडली आणि मावशी त्या दिवशी एकदाही हसली नाही. अण्णांची बायको तर तिच्याशी सहा वर्षं बोलली नाही. मग गावात दुधाची सोसायटी निघाली, अण्णा तिचे सेक्रेटरी झाले, आणि दोघींनी म्हैस घेतली. पंढरपुरी. शिंगं जाईनात म्हणून गोठ्याचं दार खरंच मोठं करावं लागलं. नाव ठेवलं मार्गी. सोसायटीच्या माणसाला सगळ्यांचंच दूध घ्यावं लागतं, एकाच कॅनात ओतावं लागतं, त्याला गल्ली कळत नाही. अण्णा काशीशी बोलायचे नाहीत, पण रोज सकाळी मोठ्यानं विचारायचे, "मार्गीचं आलं का?" आणि काशी बरणी पुढं करायची. दहा वर्षं त्यांचं एवढंच बोलणं चाललं, आणि एखाद्या दिवशी ती उशिरा आली तर अण्णा कॅनचं झाकण लावू द्यायचे नाहीत.

नात विचारते, आजी, त्या दोघी म्हणजे नक्की कोण होत्या एकमेकींच्या? मी म्हणते, मार्गुबाई आणि नेली. आणखी काय सांगू? जीव होता एकीचा दुसरीवर, काशी गेली तोवर होता.

तिच्या माघारी मी गावी गेले तेव्हा अण्णा सोसायटीच्या ओट्यावर बसले होते, थकलेले, पटक्याच्या जागी मफलर. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सुशे, त्या पुस्तकाची फाटकी पानं पुढं कधी घावली का गं?"

घावली होती. शिक्षिका झाल्यावर धाराशिवच्या एका वाचनालयात अख्खं पुस्तक मला भेटलं होतं. उभ्यानं शेवट वाचला. दारात साहेब असतो, फुलं घेऊन. लग्न होतं, बाप रडतो, आणि नेलीचं पुढं नावसुद्धा येत नाही. मी ते पुस्तक मिटलं आणि मुद्दाम शेतकीच्या कपाटात, खतांच्या पुस्तकांमागं कोंबून आले, पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

"घावली की, अण्णा."

"मग? दार उघडलं आन्?"

"म्हस घेतली."

अण्णांनी मफलरनं डोळे पुसले.

"कंची?"

"पंढरपुरी."

"मला वाटलंच व्हतं," अण्णा म्हणाले. "मुऱ्हाला तिकडची थंडी सोसली नसती."